मॉर्गनाला कुणी का सांगितलं नाही?

बीबीसीच्या 'मर्लिन' या मालिकेचा पहिला भाग २००८ सालचा. मर्लिन नावाचा खेड्यातला पोरगा आईची चिठ्ठी घेऊन कॅमेलॉटच्या राजवैद्याकडे येतो. म्हातारा गायस वरच्या सज्जात पुस्तकं धुंडाळतोय. हाक ऐकून तो दचकतो, मागे रेलतो, लाकडी कठडा मोडतो आणि गायस खाली कोसळू लागतो. मर्लिन नुसत्या नजरेनं काळ मंदावतो आणि खोलीतला पलंग बरोबर त्याच्या खाली सरकवतो. गायस वाचतो. त्या राज्यात जादूला देहदंड आहे आणि शहरात पाऊल टाकताच मर्लिननं अशी एक शिक्षा डोळ्यांनी पाहिलेली आहे. गायसनं शिपायांना हाक मारली असती तर पोराचं आयुष्य तिथंच आटोपलं असतं. तो हाक मारत नाही. हे तू कुठं शिकलास, असं विचारतो. मर्लिनला सांगता येत नाही, कारण तो कुठंच शिकलेला नाही. तो जन्मापासूनच असा आहे.

इथून पुढची पाच पर्वं हा म्हातारा त्या पोराला घरात ठेवतो, जेवू घालतो, लपवून ठेवलेलं जादूचं पुस्तक त्याच्या हाती देतो, रागावतो, त्याच्यासाठी खोटं बोलतो. दूरचित्रवाणीवरच्या अद्भुत कथांमधली गुरुशिष्यांची ही जोडी मला फार जवळची वाटते. तरी आज लिहायचंय ते तिच्या शेजारी घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल.

त्याच किल्ल्यात मॉर्गना राहते. राजानं सांभाळलेली मुलगी. तिला स्वप्नात पुढचं दिसतं. ती रात्री किंचाळत उठते, घाबरते, आपल्याला वेड लागतंय की काय असं तिला वाटतं. हे काय आहे ते गायसला ठाऊक आहे. तो तिला झोपेचं औषध देतो. दुसऱ्या पर्वात मर्लिन म्हणतो, तिला सांगून टाकू, तिला आपल्यासारखंच कुणी आहे हे कळू दे. गायस नको म्हणतो. त्याच्या मनात तिच्याविषयी माया आहे, आणि राजाची भीतीही आहे. म्हणजे एकाच छपराखाली एकच देणगी घेऊन जन्मलेली दोन मुलं. एकाला खरं सांगणारा माणूस मिळाला, दुसरीला औषधाची बाटली. पहिला कॅमेलॉटचा रक्षक होतो आणि दुसरी कॅमेलॉटची सर्वांत मोठी शत्रू.

आमच्या इमारतीतली आठवीतली एक मुलगी ही मालिका मोबाइलवर बघत होती. एका संध्याकाळी जिन्यात भेटली आणि थेट विचारलं, "काकू, गायसले माहीत होतं ना? मंग त्यानं मॉर्गनाले सांगितलं काऊन नाही?" मी म्हटलं, "भ्याला असेल." ती म्हणाली, "मर्लिनच्या वेळेस नाही भ्याला?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मालिकेकडेही नाही, आणि ते तिचं मोठेपण आहे. मुलांसाठीच्या मालिकांमधल्या गुरूंकडे या प्रश्नातूनच बघावं असं मला वाटतं. गुरू किती विद्वान आहे, त्याच्याकडे कोणती अस्त्रं आहेत हे दुय्यम. त्यानं मुलाला मुलाविषयीचं खरं सांगितलं का? आणि सांगितल्यावर तो त्याच्यासोबत राहिला का? दोन्ही हवं. एकावर भागत नाही.

याच मालिकेत एक दुसरा गुरूही आहे. किल्ल्याच्या पोटात साखळदंडानं बांधलेला ड्रॅगन. तो मर्लिनला नियती सांगतो, थोरपण सांगतो, राजपुत्र आर्थरला राजा करणं हेच तुझं काम, असं बजावतो. खोटं तो सहसा बोलत नाही. पण प्रत्येक सल्ल्यामागे त्याची स्वतःची सुटका दडलेली आहे. सगळं कॅमेलॉट मंत्रानं झोपी जातं तेव्हा तो मर्लिनला सांगतो, मॉर्गनाला मारल्याशिवाय हे थांबणार नाही. आणि हे सांगण्याच्या बदल्यात मला सोडशील असं वचन घेतो. मर्लिन मॉर्गनाला विष देतो, तेही तिनं विश्वासानं हातात घेतलेल्या पाण्यातून. ती मरत नाही, पण त्या दिवसानंतर ती आपली राहत नाही. ड्रॅगन सुटतो आणि पहिलं काम काय करतो, तर कॅमेलॉटवर आग ओकतो. लेखकांनी दोन गुरू शेजारी शेजारी ठेवलेत. एक रात्री ताटात काय वाढायचं याची काळजी करतो, दुसरा फक्त भविष्याची. पोरगा चुकतो तेव्हा ज्याच्या घरी परत जाऊ शकतो, त्याच्यामुळेच तो माणूस म्हणून शिल्लक राहतो.

सिनेमाला हे जमणं कठीण. अडीच तासांत गुरूला आणायचं, विद्या द्यायला लावायची आणि नायकाला एकटं पाडण्यासाठी बहुधा मारायचं, एवढाच वेळ असतो. मेलेला गुरू चुकत नाही. तो आठवणीत राहतो, आकाशवाणी करतो, नायकाच्या डोळ्यांत पाणी आणतो. मालिकेत मात्र त्याच गुरूबरोबर वर्षानुवर्षं राहावं लागतं. तो थकतो, चिडतो, घाबरतो, काही लपवतो, पकडला जातो. मालिकेचा सगळ्यात मोठा फायदा काय, तर गुरूला चुकायला आणि मग त्या चुकीसह जगायला पुरेसा वेळ मिळतो.

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही मालिका १९९७ ते २००३ अशी सात पर्वं चालली. तिच्यात जाइल्स हा शाळेचा ग्रंथपाल व्हॅम्पायर मारण्यासाठी निवडल्या गेलेल्या बफीचा शिक्षक आहे. त्याला नेमणारं एक मंडळ दूर इंग्लंडात आहे आणि मंडळाचा जुना नियम असा की मुलगी अठराची झाली की तिच्या नकळत तिची ताकद काढून घ्यायची आणि तिला एका व्हॅम्पायरबरोबर कोंडायचं. जगली तर पास. १९९९च्या त्या भागात जाइल्स स्वतः तिला गुंगीत नेऊन सुई टोचतो. आपल्या हातातलं बळ का जातंय हे बफीला कळेना, ती त्यालाच येऊन विचारते, आणि तो गप्प राहतो. मग त्याच्याच्यानं राहवत नाही. नियम मोडून तो तिला सगळं सांगतो. ती त्याला माफ करत नाही, निदान त्या क्षणी तरी नाही. ती त्याला जवळही येऊ देत नाही. शेवटी मंडळ जाइल्सला काढून टाकतं. कारण काय दिलं? या मुलीवर तुझं बापासारखं प्रेम आहे, त्यामुळे तू या कामाला नालायक. त्यानंतर तो तिच्या जखमा पुसत बसतो. नोकरी गेली, माणूस उरला. संस्थेची निष्ठा आणि मुलाची निष्ठा समोरासमोर येतात तेव्हा शिक्षकानं कुठं उभं राहायचं, हे इतक्या थेटपणे मांडणारे प्रसंग मी फार कमी पाहिलेत.

उलट बाजूही आहे. सत्य सांगितलं आणि माणूस काढून घेतला, तर काय होतं? २००५ ते २००८ या काळातल्या 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या अॅनिमेशन मालिकेत आंग हा बारा वर्षांचा मुलगा आहे. अवतार म्हणजे जगाचा तोल राखण्यासाठी जन्मलेला; त्याला त्याची ओळख सोळाव्या वर्षी सांगायची अशी रीत. युद्धाचं सावट दिसतं म्हणून मठातले वडीलधारे भिक्षू घाई करतात आणि आंगला बाराव्याच वर्षी सांगतात. खेळातले सोबती त्याला बाजूला ठेवतात, कारण तो आता बरोबरीचा राहिला नाही. त्याच्याशी हसतखेळत वागणारा एकच म्हातारा उरतो, ग्यात्सो. आणि वडीलधारे ठरवतात की या मुलाला ग्यात्सोपासून तोडून दुसऱ्या मठात धाडायचं; लाडानं शिक्षण बिघडतं. आंग हे चोरून ऐकतो आणि रात्री पळून जातो. वादळात सापडून बर्फात गाडला जातो, शंभर वर्षं. तेवढ्या काळात त्याची सगळी माणसं मारली जातात. भिक्षूंचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी ओझं वेळेआधी दिलं आणि ते उचलताना हात देणारा नेमका हलवायला निघाले.

त्याच मालिकेतला झुको वडिलांच्या हातून चेहरा भाजून घेतलेला राजपुत्र. त्याच्याबरोबर हद्दपारीत फिरतो तो त्याचा काका, आयरो. आयरो एके काळचा मोठा सेनापती. ज्या शहराला वेढा घातला तिथं त्याचा स्वतःचा मुलगा मारला गेला आणि तो परत फिरला. म्हणजे हा गुरू हरलेला आहे, आणि त्याचा अधिकार त्या हरण्यातूनच आलाय. झुको ऐन वेळी काकाला दगा देतो. आयरो कैदेत जातो. पुढे झुको परत येतो, तंबूत काका झोपलेला असतो, तो रात्रभर शेजारी बसून राहतो. सकाळी रडत माफी मागू लागतो. वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला ओढून छातीशी घेतो. म्हणतो, मी तुझ्यावर रागावलो नव्हतोच, तू वाट हरवलीस की काय याचं दुःख होतं. हा प्रसंग बघून मोठी माणसंही रडतात हे मी पाहिलंय. आपल्याला असं कुणी जवळ घेतलं नाही, हेच त्या रडण्यात असतं असं मला वाटतं.

आता आपल्याकडे वळते, कारण दुखणं इथं आहे.

मी ज्या पिढीची, तिनं अद्भुत जग पहिल्यांदा पाहिलं ते रविवारी सकाळी दूरदर्शनवर. २ ऑक्टोबर १९८८ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं, २४ जून १९९०ला संपलं, ९४ भाग. त्या तासाला नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर चिटपाखरू नसायचं. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या बैठकीत चपलांचा ढीग. गुरू म्हणजे काय, हे आम्ही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या पडद्यावरून जास्त शिकलो. पुढे १९९७मध्ये 'शक्तिमान' आला. नायकाला घडवणारे सात ऋषी, आणि भागाच्या अखेरीस नायक स्वतःच मुलांकडे वळून उपदेश करायचा. सवयी चांगल्याच सांगायचा. पण पडद्यापलीकडच्या मुलाला उलट विचारायची सोय नव्हती. आणि त्यानंतर आलेल्या आपल्या बहुतेक पौराणिक-जादुई मालिकांमध्ये गुरूचा साचा जवळपास ठरून गेला. पांढरी दाढी, मागे प्रभा, संथ आवाज. तो येतो, अस्त्र देतो, अट घालतो, अंतर्धान पावतो. शिष्य हात जोडतो. शंभर भाग, दोनशे भाग, आणि इतक्या वेळात गुरू एकदाही म्हणत नाही की माझं चुकलं. मालिकेला मिळणारा तो सगळा वेळ वाया.

यावर उत्तर ठरलेलं असतं. ही आपली परंपरा आहे. गुरूला प्रश्न विचारणं, त्याला पायउतार करणं हे पाश्चात्त्यांचं खूळ. हे म्हणणाऱ्यांनी महाभारत पुन्हा वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आदिपर्वातला कच घ्या. देवांचा मुलगा असुरांच्या गुरूकडे संजीवनी शिकायला येतो. असुर त्याला मारतात, जाळतात, राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता शिष्य गुरूच्या पोटात आहे. त्याला जिवंत करावं तर गुरूचं पोट फाटणार. शुक्राचार्य काय करतात? पोटातल्या शिष्याला विद्या देतात आणि मग त्याला बाहेर बोलावतात. कच गुरूला फाडून बाहेर येतो आणि नुकतीच शिकलेली विद्या पहिल्यांदा वापरतो ती मेलेल्या गुरूला उठवायला. शत्रूच्या गोटातल्या पोराला आपल्या मरणाची किल्ली देणारा गुरू! जगातल्या कुठल्याही दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखकानं याचा हेवा करावा.

उद्योगपर्वातला भीष्म घ्या. अंबेसाठी परशुराम आपल्याच शिष्याला युद्धाला बोलावतात. भीष्म आधी पाया पडतो. नंतर सांगतो की गुरू गर्वानं फुगला, योग्य-अयोग्य विसरला, आडवाटेला लागला, तर त्याचा त्याग करावा असं जुनं वचन आहे. मग रथावर चढतो. तेवीस दिवस लढाई चालते. पाया पडणं खरं आणि लढणंही खरं. आपल्या परंपरेत हे दोन्ही एका माणसात, एका सकाळी मावत होतं. (अंबेला त्यातून न्याय मिळाला नाही, हेही तितकंच खरं.)

आणि ज्यांना खरं सांगितलं गेलं नाही, त्यांची यादी तर महाभारतात फार दुःखाची आहे. कर्णाला तो कोण आहे हे युद्ध दाराशी आल्यावर कळतं. कृष्णानं सांगितलं, कुंतीनं सांगितलं, पण तोवर त्याची सगळी निष्ठा दुर्योधनाला वाहून झाली होती. त्याआधी विद्येसाठी त्याला परशुरामांपुढे खोटी जात सांगावी लागली आणि ते उघडं पडताच शाप मिळाला. ज्या गुरूपुढे मूल आपली खरी ओळख सांगू शकत नाही, तिथं शापित कोण ठरायला हवं? एकलव्याला तर जन्मावरून दारातूनच परत पाठवलं. आणि न शिकवलेल्या विद्येची फी म्हणून अंगठा घेतला. आजही शाळेच्या कार्यक्रमांत ही गोष्ट आदर्श गुरुदक्षिणा म्हणून सांगितली जाते. ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. पडद्यावर एखाद्या मालिकेनं द्रोणांना रात्रभर झोप लागू न देता बसवावं, त्यांच्या तोंडून 'मी भ्यालो, अर्जुनासाठी, नोकरीसाठी' एवढं वदवून घ्यावं, अशी माझी फार जुनी इच्छा आहे.

हे सगळं नागपुरात बसून लिहिताना मला फार दूरचं वाटत नाही. दहावी-बारावीचे किंवा नीट-जेईईचे निकाल लागले की इथल्या चौकाचौकांत, मेट्रोच्या खांबांवर, उड्डाणपुलांच्या कडेनं फलक लागतात. हसरे चेहरे, गुण, क्रमांक, आणि एका कोपऱ्यात हाताची घडी घातलेले सर. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळहून मुलं इथं येतात. खोली करून राहतात, मेसचा डबा खातात, पहाटे सायकल काढतात. चाचणीच्या गुणांवरून बॅच लागते. वरच्या बॅचला अनुभवी सर, खालच्या बॅचला नवे. म्हणजे 'निवडलेला नायक' ही अद्भुत कथांमधली कल्पना आम्ही रोज सकाळी सहाला राबवतो. फलकावर ज्याचा फोटो लागणार तो मर्लिन. बाकीच्यांना झोपेचं औषध.

मी हे कडूपणानं लिहीत नाही. इथं जीव तोडून शिकवणारे शिक्षक मला माहीत आहेत. रात्री अकराला मुलाचा फोन उचलणारे. पण माझ्या नात्यातला एक मुलगा दोन वर्षं अशा एका ठिकाणी शिकला. त्याला भौतिकशास्त्र झेपत नव्हतं आणि चित्रकलेत त्याचा हात विलक्षण होता. हे तिथल्या सगळ्यांना दिसत होतं. शेवटचा हप्ता भरून होईपर्यंत त्याला कुणी तसं म्हटलं नाही. "मेहनत वाढव, होऊन जाईल," एवढंच. नंतर तो मला म्हणाला, "नापास झाल्याचं नाही वाटत गं आत्या एवढं. सरले माहीत होतं, याचं वाटते."

केंद्र सरकारनं जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत. सोळा हा आकडा वाचताना मला आंगचे भिक्षू आठवले. सूचना चांगल्या आहेत, पाळल्या जाव्यात. पण वयाची अट घालून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं, मुलाला त्याच्याविषयीचं खरं कोण सांगणार आणि सांगून झाल्यावर कोण सोबत थांबणार, ते कुठल्याही परिपत्रकात बसत नाही. ते घरात, वर्गात आणि हो, पडद्यावर घडतं. मूल आपल्या सरांकडून काय अपेक्षा करावी हे गोष्टींतूनच शिकतं. पडद्यावरचा गुरू कधी चुकत नसेल तर वर्गातले सर चुकले तेव्हा मूल दोष स्वतःकडेच घेणार.

यातच एक नाजूक गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. अद्भुत कथांमध्ये गुरू आणि मुलाचं एक गुपित असतं. ते गुपित फार गोड वाटतं. प्रत्यक्षात मात्र 'हे घरी सांगू नकोस' असं म्हणणारा मोठा माणूस बहुतेक वेळा धोक्याचा असतो. बाललैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा आहे; कायदा झाला तरी मुलाला बोलता येणं ही गोष्ट वेगळी शिकवावी लागते. म्हणून गुपित कसं दाखवलंय हे मी बारकाईनं बघते. मर्लिनचं गुपित त्याच्या आईला ठाऊक आहे. तिनंच त्याला गायसकडे पाठवलं, चिठ्ठी तिचीच. गुपित राजापासून आहे, आईपासून नाही. बफीच्या आईला मात्र दोन पर्वं काहीच माहीत नसतं. कळतं आणि लगेच मुलगी घर सोडून जाते, मग आई जाइल्सला तोंडावर सांगते की याचा दोष मी तुम्हाला देते. लेखकांनी जाइल्सला तिथं वाचवलेलं नाही, आईला मूर्खही ठरवलेलं नाही. ती बरोबर बोलते. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा संवाद भिंतीवर चिकटवून ठेवावा.

चुकणारे गुरू दाखवले तर पोट्टे ऐकणार नाहीत, आधीच शिक्षकांचा मान गेलाय, असं मला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळवळून सांगितलं. त्यांची काळजी मी हलकी मानत नाही. वर्गात चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला मान जाताना काय वाटतं ते मला समजतं. पण आयरोचा मान झुकोच्या नजरेत कशानं वाढला? हरल्याचं न लपवल्यानं. जाइल्स कबुली देऊन बफीचा विश्वास गमावतो आणि त्याच कबुलीमुळे पुढची चार पर्वं ती त्याच्याकडे परत परत येते. न चुकणाऱ्या माणसाला मूल घाबरतं, आणि भीतीला आपण मान समजत आलो आहोत.

हे होऊ शकतं याचे दाखले आपल्या मातीत आहेत. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचं लक्ष गेलेलं होतं. मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी त्यांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. बडोद्याच्या महाराजांकडे त्याच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. म्हणजे मुलाची ताकद ओळखली, त्याला वाट दाखवली आणि सोबतही केली. त्या पुस्तकाचा आपल्यावर झालेला परिणाम बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. पुढे त्यांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. तिघांपैकी एकही त्यांच्या जन्मापर्यंत हयात नव्हता. हात जोडून आज्ञा झेलायला लावणारा त्यांत कुणीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला इथं, आमच्या गावात, त्यांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना दिली. दीक्षाभूमीवर येणारी मुलं 'अत्त दीप भव' हे वचन अक्षरं ओळखू लागण्याच्या वयातच ऐकतात. स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, असं गुरू आपल्या अखेरच्या काळात शिष्यांना सांगतो. ज्या शहरात हे वचन कमानींवर लिहिलेलं आहे, तिथल्या मुलांना नुसते हात जोडणारे नायक का दाखवायचे?

अगदी अलीकडचं सांगायचं तर जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथं नागपूरची दिव्या देशमुख एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, तेही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. परतल्यावर तिनं आवर्जून आठवण काढली ती आपल्या पहिल्या प्रशिक्षकांची. ते आज हयात नाहीत. गावात ढोलताशे वाजत असताना तिनं ते नाव घेतलं.

माझं मागणं मराठी वाहिन्यांकडे आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या तरुण लेखकांकडे आहे. राजवाडे आणि संगणकावरचे राक्षस बाजूला ठेवा. नागपूरपासून तासाभरावर रामटेक आहे. तिथल्या डोंगराशी लोककथा बौद्ध आचार्य नागार्जुनाचं नाव जोडते, रसविद्या जाणणारा, तर्कानं भल्याभल्यांना गप्प करणारा. त्याचा शिष्य आर्यदेव. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगानं त्यांच्या पहिल्या भेटीची गोष्ट लिहून ठेवलीय. दारात आलेल्या परक्या तरुणाकडे नागार्जुन काही न बोलता पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं पाठवतो. तरुण त्यात एक सुई टाकतो आणि भांडं परत पाठवतो. सुई तळाला जाते. म्हातारा खूश होतो, कारण आपल्या ज्ञानाच्या तळापर्यंत जाऊ शकणारा पोरगा त्याला भेटलेला असतो.

या प्रसंगापासून पहिला भाग सुरू करा. पोरगा रामटेकच्या पायथ्याच्या एखाद्या गावचा असू द्या, तलावावर मासे धरणाऱ्या घरातला, वऱ्हाडीत बोलणारा. त्याच्या आईला सगळं माहीत असू द्या. त्याच गावात एक मुलगीही असू द्या, तशीच ताकद असलेली, जिला म्हाताऱ्यानं भीतीपोटी काही सांगितलेलं नाही. आणि दहाव्या-बाराव्या भागात, फार उशीर व्हायच्या आत, तो म्हातारा काठी टेकत तिच्या दारी जाऊ द्या आणि तिला सांगू द्या की मला माहीत होतं. ती रागावेल. रागावू द्या. त्याला ओट्यावर बसू द्या, ती बाहेर येईपर्यंत. तेवढ्या भागांची सोय मालिकेत असते.